सरासरीचा ताजमहाल

गेल्या वर्षी आम्ही एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. पाण्याचे नमुने, पवनचक्कीची प्रतिकृती, गांडूळखताची पेटी अशा नेहमीच्या मांडणीत एका टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा चेहरा लावला होता. तो कोणा एकाचा नव्हता. दहावीच्या वर्गातल्या बेचाळीस मुलामुलींचे फोटो संगणकावर एकावर एक ठेवून, त्यांची सरासरी काढून तो तयार केला होता. त्वचा गुळगुळीत, डोळे शांत, ओठांवर हसू आहे की नाही ते ठरवता येऊ नये असे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'आमचा आदर्श विद्यार्थी'. येणारा प्रत्येक जण तिथे थबकत होता. आम्हीही थबकलो आणि सरांचे मनापासून कौतुक केले.

तेवढ्यात त्याच वर्गातली एक मुलगी पुढे आली. तिच्या डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता. तिने विचारले, "सर, यात माझा चष्मा कुठंय?" सर म्हणाले, "अगं, तो सरासरीत गेला." सगळे हसले. तीही हसली, पण उत्तर तिला पटलेले दिसले नाही. घरी पोचेपर्यंत ते आम्हालाही पटेनासे झाले.

ही कल्पना आपण इंटरनेटवर पाहिलेल्या काही कलाकृतींवरून घेतली, असे सरांनी सांगितले होते. तेव्हा आम्ही मूळ कलाकृतीच नीट पाहायचे ठरवले. या चित्रांत खरोखर काय आहे, काय नाही, आणि वर्गात ती दाखवताना शिक्षकाने कशाचे भान ठेवावे, हे आम्ही इथे मांडत आहोत.

शंभर पर्यटक, एक चित्र

कोरीन व्हियोने या फ्रेंच-स्विस कलावंत. २००५ साली इटलीतल्या पिसा या गावी झुकता मनोरा पाहताना त्यांच्या लक्षात आले की आलेले सगळे पर्यटक जवळजवळ एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने फोटो काढत आहेत. त्यांनी इंटरनेटवर त्या मनोऱ्याचे फोटो शोधले. अनोळखी माणसांनी काढलेले ते फोटो एकमेकांसारखे होते. मग त्यांनी एकेका प्रसिद्ध स्थळाचे साधारण शंभर फोटो निवडून ते अर्धपारदर्शक थरांसारखे एकावर एक रचले. आयफेल टॉवर, रोमचे कलोसियम, जपानचा फुजी पर्वत, आपला ताजमहाल अशा अनेक स्थळांची ही मालिका 'फोटो ऑपॉर्च्युनिटीज' या नावाने प्रसिद्ध आहे.

या मालिकेतला ताजमहाल पहिल्या नजरेत ओळखू येतो. घुमट आहे, मिनार आहेत, पण कशालाच पक्की कड नाही. सगळी वास्तू थरथरत असल्यासारखी वाटते. शंभर दिवसांची वेगवेगळी आभाळे मिसळून एकच फिकट आभाळ झाले आहे. समोरची माणसे विरून गेली आहेत. त्यांच्या जागी नुसता धुरकट, करडा पट्टा उरला आहे. चित्र सुंदर आहे, हे आधीच कबूल करतो. प्रश्न असा की त्यातले सौंदर्य कुणाचे? ताजमहालाचे, शंभर पर्यटकांचे, व्हियोने यांचे, की निव्वळ अंकगणिताचे?

ठिपक्यांचे अंकगणित

संगणकातले छायाचित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, उजेडाचा एक आकडा असतो. काळ्या-पांढऱ्या चित्रात बहुधा तो ० ते २५५ यांमधला असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. रंगीत चित्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. दोन फोटोंत एकाच जागी असलेल्या पिक्सेलांचे आकडे ६० आणि १८० असतील, तर मिश्रणात तिथे १२० येतो. एवढेच. सातवीचा विद्यार्थी हे वहीवर करू शकेल.

आता त्या मुलीचा चष्मा शोधू. समजा, काडीच्या जागी तिच्या फोटोत आकडा आहे ३०, आणि बाकीच्या एक्केचाळीस जणांच्या फोटोंत त्याच जागी त्वचेचा आकडा आहे १६०. फरक १३० चा. बेचाळिसांत वाटला की उरतो जेमतेम ३. म्हणजे सरासरीत १६० च्या ऐवजी १५७. चष्मा चित्रात आहे. फक्त तो डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ झाला आहे. "तो सरासरीत गेला" या उत्तराचा खरा अर्थ हा.

थर रचताना एक चूक हमखास होते. प्रत्येक नवा थर ५० टक्के पारदर्शक ठेवला की सगळ्यांना सारखा वाटा मिळेल, असे वाटते. तसे होत नाही. सर्वांत वरच्या थराला निम्मा वाटा मिळतो, त्याखालच्याला पाव, त्याखालच्याला एक अष्टमांश. वरून दहावा थर येईपर्यंत त्याचा वाटा १०२४ भागांत एक भाग इतकाच उरतो. सर्वांना सारखे वजन द्यायचे असेल, तर खालून पहिला थर पूर्ण अपारदर्शक, दुसरा ५० टक्के, तिसरा सुमारे ३३ टक्के, चौथा २५ टक्के, असे करत शंभरावा थर फक्त १ टक्का अपारदर्शक ठेवावा लागतो. म्हणजे 'सगळे समान' हे चित्रात आपोआप घडत नाही. कुणीतरी ते ठरवून करावे लागते. थरांचे वाटे हातात असलेल्या कलावंताला एखादा फोटो जरा ठळक ठेवता येतो, एखादा मागे सारता येतो. त्यात गैर काही नाही. पण मग ते चित्र काटेकोर सरासरी राहत नाही, रचना होते.

जुळवणीचा खिळा

दुसरा निर्णय जुळवणीचा. जेसन सॅलव्हॉन या अमेरिकी कलावंताने २००४ साली '१०० स्पेशल मोमेंट्स' ही मालिका केली. नवविवाहित जोडपी, पदवीधर, सांताक्लॉजबरोबरची मुले, बेसबॉल खेळणारी लहान मुले अशा चार विषयांचे प्रत्येकी शंभर फोटो इंटरनेटवरून घेऊन त्यांनी त्यांची सरासरी काढली. सांताक्लॉजच्या चित्रात ना चेहरा, ना दाढी. मधोमध लाल धुके दिसते. नवविवाहितांच्या चित्रात एक गडद आणि एक पांढरी आकृती कळते, नाती कळत नाहीत.

व्हियोने यांचा ताजमहाल ओळखू येतो आणि सॅलव्हॉन यांचा सांता धुके होतो, असे का? व्हियोने प्रत्येक फोटो सरकवून, वास्तूची बाह्यरेषा जुळवून मगच त्याचा थर चढवतात. त्या जणू ताजमहालाला खिळा मारतात आणि बाकी सगळे त्याभोवती हलू देतात. समजा, हेच शंभर फोटो ताजमहालाऐवजी समोर उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांवर जुळवले असते, तर एक 'सरासरी पर्यटक' स्पष्ट झाला असता आणि मागचा ताजमहाल धुक्यात गेला असता. फोटो तेच, गणित तेच, चित्र मात्र उलटे.

या चित्रांविषयी आमचे मुख्य म्हणणे इथे आहे. मिश्रणात जे ठळक उरते ते 'सर्वांत महत्त्वाचे' असते असे नाही. कुणीतरी जिथे खिळा मारला, तेच ठळक उरते.

दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होईल. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षीतल्या आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे दहा दिवस रोखून पाहिले आणि ३४२ वेळा प्रतिमा घेतल्या. त्या एकत्र केल्यावर सुमारे तीन हजार दीर्घिका दिसू लागल्या. तिथेही प्रतिमा एकावर एक रचल्या होत्या, पण चित्र धूसर झाले नाही, उलट निखरले. कारण त्या सर्व प्रतिमांमागे एकच आकाश होते. बदलत होती ती फक्त यंत्रातली खरखर, आणि शंभर प्रतिमांच्या सरासरीत अशी खरखर साधारण एक दशांश होते. सांताक्लॉजच्या शंभर फोटोंमागे मात्र शंभर वेगळी घरे आणि शंभर वेगळी मुले आहेत. तिथे सरासरी जे पुसते ती खरखर नव्हे. ती माणसे आहेत.

गाल्टनची चूक

हा फरक न ओळखल्याने काय होते, हे विज्ञानाच्या इतिहासात घडून गेले आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७७-७८ च्या सुमारास, संगणक नसताना, अशीच चित्रे केली. त्याची युक्ती सोपी होती. एका फोटोची नक्कल उतरायला ८० सेकंद लागत असतील, तर आठ जणांचे फोटो प्रत्येकी १० सेकंद एकाच काचेवर पाडायचे. खिळा मारला होता डोळ्यांवर. त्याने तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो घेतले आणि गुन्ह्यांप्रमाणे त्यांचे गट केले. गुन्हेगाराचा म्हणून एक चेहरा असतो आणि तो सरासरीत उमटेल, अशी त्याची अपेक्षा होती.

उमटला तो एक बऱ्यापैकी सभ्य चेहरा! मूळ फोटोंपेक्षा मिश्र चेहरे चांगले दिसतात, हे गाल्टनने स्वतःच नोंदवले. १८८२ साली एका डॉक्टरबरोबर त्याने क्षयरोग्यांच्या चेहऱ्यांवर हीच पद्धत वापरली, तिथेही क्षयाचा म्हणून वेगळा चेहरा मिळाला नाही. पद्धतीने दोनदा सांगितले की 'नमुनेदार चेहरा' नावाची वस्तूच नाही. तरीही माणसांना वंशांच्या आणि वर्गांच्या साच्यात बसवण्याचा त्याचा नाद सुटला नाही. सुप्रजननाच्या विचाराला 'युजेनिक्स' हे नाव १८८३ साली त्यानेच दिले, आणि विसाव्या शतकात त्या विचाराच्या नावाखाली काय झाले ते आपण जाणतोच.

सरासरी चेहरा देखणा का दिसतो, यावर पुढे प्रयोग झाले. १९९० साली लँगलॉइस आणि रॉगमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २, ४, ८, १६ आणि ३२ चेहऱ्यांची संगणकावर मिश्रणे केली. पाहणाऱ्यांना १६ आणि ३२ चेहऱ्यांची मिश्रणे सुट्या चेहऱ्यांपेक्षा सरस वाटली. डाग, व्रण, तिरपेपणा सारे विरते आणि त्वचा तुकतुकीत होते. म्हणजे प्रदर्शनातला तो 'आदर्श विद्यार्थी' दहावीच्या गुणांमुळे देखणा झाला नव्हता. कोणत्याही बेचाळीस जणांचा झाला असता.

हाच निकष कलाकृतींनाही लावायला हवा. व्हियोने यांच्या चित्रांना पाहून अनेकांना इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची आठवण होते. पण ही मऊ, धूसर झाक सरासरीबरोबर फुकट मिळते. कोणतेही शंभर जुळते फोटो घ्या, ती येणारच. त्यासाठी कलावंताला गुण देऊ नयेत. गुण द्यायचे ते निवडीला, जुळवणीला आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रश्नाला.

गुण आणि उणिवा

व्हियोने यांचा प्रश्न मोलाचा आहे. आपण जग पाहायला जातो, की आधी पाहिलेले चित्र पुन्हा काढायला जातो? शंभर माणसे एकमेकांना न भेटता एकाच जागी उभी राहतात, ही गोष्ट एका फोटोत दिसली नसती. ती दाखवायला मिश्रणच हवे. इथे पद्धत आणि विषय यांचा मेळ बसतो, आणि म्हणून ही मालिका आम्हाला याच तंत्राच्या इतर अनेक चित्रांपेक्षा सरस वाटते.

पण दोन उणिवा सांगायला हव्यात. पहिली, पुराव्याची. फोटो शोधले गेले स्थळाच्या नावाने, आणि त्यांतून निवडले गेले जुळणारे. ताजमहालाच्या मागून, यमुनेपलीकडून काढलेला फोटो या चित्रात बसणारच नाही. मग 'सगळे एकसारखेच फोटो काढतात' हे चित्रातून सिद्ध झाले, की निवडतानाच ठरले? शिवाय ताजमहालापुरते बोलायचे तर एकसारखेपणाचा दोष एकट्या पर्यटकाचा नाही. सतराव्या शतकात ज्यांनी ही बाग आखली, त्यांनी दरवाजा, पाण्याचा पाट आणि घुमट एका सरळ रेषेत ठेवले. दरवाजातून आत आलेला माणूस कुठे उभा राहील, हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी ठरले होते. आज दिसणाऱ्या मोकळ्या हिरवळी तर लॉर्ड कर्झनच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्या. शंभर पर्यटकांच्या मागे हे लोकही उभे आहेत.

दुसरी उणीव, श्रेयाची. शंभर जणांनी आपापला फोटो काढला, पण चित्राखाली नाव एकाचेच. प्रत्येकाचा वाटा एक टक्का, म्हणून त्याची दखल नको, हा युक्तिवाद 'चष्मा सरासरीत गेला' याच जातीचा आहे.

याउलट नॅन्सी बर्सन यांचे १९८२ सालचे 'वॉरहेड' हे चित्र पाहा. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या देशांच्या नेत्यांचे चेहरे त्यात मिसळले आहेत. वाटा ज्याच्या त्याच्या अण्वस्त्रांच्या प्रमाणात: रेगन ५५ टक्के, ब्रेझनेव्ह ४५ टक्के, थॅचर, मितराँ आणि डेंग प्रत्येकी एक टक्क्याहून कमी. इंटरनेट घरोघरी येण्याआधीचे हे चित्र. पण त्याचा हिशेब उघड आहे, आणि तो हिशेबच चित्राचा आशय आहे. भारित सरासरी शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

सॅलव्हॉन यांचेही एक जुने काम इथे आठवते. १९९८ साली त्यांनी आईच्या १९६७ च्या वर्गाचे आणि स्वतःच्या १९८८ च्या वर्गाचे सरासरी चेहरे शेजारी शेजारी मांडले. एकटी सरासरी फारसे बोलत नाही. दोन सरासऱ्या एकमेकींशी बोलू लागतात. काय बदलले, काय तसेच राहिले, हा प्रश्न पाहणाऱ्याला आपोआप पडतो.

आता तर एक वाक्य लिहिले की चित्र काढून देणारे संगणकाचे कार्यक्रम आले आहेत. ते अशी सरळ सरासरी काढत नाहीत, त्यांचे गणित वेगळे आहे. पण तेही इंटरनेटवरून गोळा केलेल्या असंख्य चित्रांवर शिकलेले असतात. ढिगात कुणाची चित्रे होती, कुणाची नव्हती, हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. या कार्यक्रमांच्या आतले गणित वर्गात उघडून दाखवणे अवघड आहे. सरासरीचे मात्र सहज दाखवता येते.

वर्गात करून पाहा

शाळेच्या फाटकाचे दहा-बारा फोटो वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळ्या वेळी काढायला सांगा. इंटरनेटवरचेच फोटो हवे असतील तर विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणचे, वापराची परवानगी स्पष्ट लिहिलेले घ्या आणि फोटो काढणाऱ्यांची नावे टिपून ठेवा. मग थर रचा. एकदा फाटकावर जुळवून, एकदा त्यासमोरच्या माणसांवर जुळवून. दोन्ही चित्रे शेजारी लावा.

पुढची पायरी मध्यकाची. समजा, भिंतीवरच्या एका ठिपक्याचे आकडे पाच फोटोंत २००, २००, २००, २०० आणि ४० आहेत. पाचव्या फोटोत तिथून कुणीतरी चालले होते. सरासरी येते १६८: त्या माणसाची पुसट सावली उरते. मध्यक येतो २००: माणूस पूर्ण नाहीसा. कुठले चित्र खरे, यावर मुलांना वाद घालू द्या. आमच्या अनुभवाने हा वाद तास संपला तरी संपत नाही.

आणि चित्राखाली नावाबरोबर चार ओळी लिहायला लावा: फोटो किती, कुठून घेतले, कुठे जुळवले, कोणते वगळले. प्रयोगवहीत आपण साहित्य आणि कृती लिहून घेतोच, इथेही तेच.

त्या शाळेतल्या सरांना आम्ही हे सारे पत्राने कळवले होते. या वर्षी त्यांचे प्रदर्शन पुन्हा पाहिले. मोठा चेहरा भिंतीवर होता, पण खालची पाटी बदलली होती: 'बेचाळीस जणांची सरासरी, डोळ्यांवर जुळवलेली'. भोवती पोस्टाच्या तिकिटाएवढे बेचाळीस फोटो चिकटवले होते. खालून दुसऱ्या ओळीत काळ्या काड्यांचा तो चष्मा होता. येणारे लोक आता मोठ्या चेहऱ्यापाशी थोडा वेळ आणि छोट्या फोटोंपाशी बराच वेळ थांबत होते.